चौदावा फर्मा

माझी भावजय वाचताना अडखळायची. जोडाक्षर दिसलं की थबकायची, आधी मनात म्हणून पाहायची, मग तोंडाने म्हणायची. आणि माझे वडील, ज्यांनी मला आठव्या वर्षी एका उच्चारासाठी अख्खी सकाळ भिंतीपाशी उभं केलं होतं, तेच वडील तिची ही धडपड मान जराशी कलती करून, डोळे मिटून ऐकत बसायचे. तसं त्यांना काहीच दिसत नव्हतं, डोळे मिटायची गरज नव्हती. तरी तिच्यासाठी मिटायचे. माझ्यासाठी कधी मिटले नाहीत.

मी दारात उभी राहून बघायचे आणि जळायचे. 'थोडं वाईट वाटायचं', 'मन खट्टू व्हायचं' असले धुऊन इस्त्री केलेले शब्द मला वापरायचे नाहीत. जळायचे. साठीला आलेली बाई, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, आणि जळते कशावर, तर म्हातारे वडील कुणाचं वाचन जास्त कौतुकानं ऐकतात यावर. हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं.

अण्णा घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले आणि शेवटी त्याच डोळ्यांनी दगा दिला. मी पुस्तकं बांधते. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान: शिकंजा, कटिंग मशीन, खळीचं पातेलं, दाभणं, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं. मधल्या खोलीत भावजयीचं शिलाई मशीन. मागच्या खोलीत अण्णांची खाट. भाऊ बस चालवतो; पहाटे पाचला जातो तो दुपारी तीनला येतो. ही सगळी गोष्ट त्याच्या घरात घडली आणि त्याला तिचा पत्ता नाही. सांगितली तर म्हणेल, "तुम्हा दोघींना दुसरे उद्योग नाहीत का?" मी लग्न केलं नाही. घरात मी थोरली आणि भावजय धाकटी. मनातल्या मनात मात्र मी तिला टेलरबाई म्हणायचे.

आमच्या घरात एक ग्रंथ आहे. अण्णांच्या आजोबांपासून चालत आलेला, जाड, मोठ्या टाइपाचा. त्याचं नाव सांगत नाही. ज्याच्या घरात असा ग्रंथ आहे त्याला कळेल, ज्याच्या नाही त्याला नाव सांगून तरी काय उपयोग.

अण्णांचं म्हणणं असं, की हा ग्रंथ बाहेरचं काही सांगतच नाही. एकेक ओळ ही आत उतरायची पायरी आहे. ओळ वाचायची आणि थांबायचं. ती आत कुठवर गेली ते बघायचं. जिथे ती टेकते तिथे कुणीतरी आधीपासून बसलेलं असतं, त्याच्याजवळ जरा बसायचं, मग पुढची ओळ. मी लहान असताना ते मला त्यांच्या टेबलाशी बसवून सांगायचे, "घड्याळ उघडलं की मी लगेच हात लावतो का? आधी ऐकतो. कुठे अडलंय ते तेच सांगतं. तसं वाच."

मी तसं वाचलं नाही. मला थांबता यायचं नाही. मी वाचायचे खडखडीत, स्वच्छ, एकाही ठिकाणी न अडता, आणि ग्रंथ पुरा झाला की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं एक रेघ मारायचे. एकशे बारा रेघा आहेत तिथे. एखाद्या पाहुण्याने विचारलं की मी ते पान उघडून दाखवायचे. अण्णा म्हणायचे, "हो, हिचं पाठ आहे." एवढंच म्हणायचे. 'पाठ आहे'च्या पुढे काहीतरी येईल म्हणून मी जन्मभर थांबले, आणि ते कधी आलं नाही.

त्यांचे डोळे गेल्यावर चार वर्षं रोज सकाळी मीच त्यांना वाचून दाखवलं. मग गेल्या वर्षी मला खोकला झाला. पंधरा दिवस आवाजच फुटेना. धाकटी म्हणाली, "ताई, तोवर मी वाचते, मला येईल तसं." मी म्हटलं वाच. माझा खोकला गेला, पण ती काही उठली नाही. म्हणजे ती उठायला तयार होती, खोटं कशाला बोलू, अण्णाच म्हणाले, "राहू दे तिलाच. तुला दुकान असतं." भटाला दिली ओसरी म्हणतात तसं झालं, फक्त इथे हातपाय ओसरीनेच पसरून दिले होते.

तोवर अण्णांचे कानही मंद झाले होते. कानाशी मोठ्याने बोललेलं कळायचं, पण आवाज कुणाचा ते उमगायचं नाही. आम्हा दोघींना ते वेगावरून ओळखत. मी काही बोलले की म्हणत, "ही थोरली. घोड्यावरून आली." धाकटीला ओळखत तिच्या अडखळण्यावरून.

आणि एक दिवस त्यांनी भावाला सांगितलेलं मी ऐकलं. मी दुकानात खळ ढवळत होते, मधली दोन्ही दारं उघडी होती आणि कमी ऐकू येणारा माणूस हळू बोलत नसतो. म्हणाले, "थोरली वाचते तेव्हा ग्रंथ कळतो. धाकटी वाचते तेव्हा ग्रंथ बाजूला होतो." आणि मग, "माझ्यामागे तो धाकटीकडेच राहू दे. थोरलीला काय, तिचं पाठ आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास वर्षं मी ज्या गोष्टीची फुशारकी मारली तीच माझ्या गळ्यात धोंड्यासारखी बांधून ग्रंथ दुसरीच्या हातात दिला होता. खळ करपली. मी ती तशीच मोरीत ओतली.

त्याच महिन्यात ग्रंथाची पाठ उखडली. चाळीस वर्षांपूर्वीची बांधणी, दोरा कुजला होता. धाकटी तो दोन्ही हातांवर धरून दुकानात घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, याला तुमच्याशिवाय कोण हात लावणार?" चार दिवसांत देते, मी म्हणाले.

पुस्तक कसं बनतं ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक मोठा कागद छापून, दुमडत दुमडत सोळा पानांचा एक गठ्ठा होतो. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक ठेवून, प्रत्येकाच्या मधोमध दोरा ओवून ते एकमेकांना शिवायचे, की झालं पुस्तक. ग्रंथात एकवीस फर्मे होते. मी जुना दोरा कापला, फर्मे सुटे करून टेबलावर मांडले. धाकटीची खूण, कापडाची एक निळी पट्टी, तेराव्या फर्म्यात होती. शेवटच्या पानावर. वर्षभरात बाईंची मजल तेवढीच.

चौदाव्या फर्म्यावर 'आतलं घर' नावाचं प्रकरण आहे. अण्णांचं सगळ्यात लाडकं. त्याचं पहिलं वाक्य तेराव्याच्या शेवटच्या ओळीत सुरू होतं आणि ते चौदाव्याच्या पहिल्या ओळीत पुरं होतं.

मी चौदावा फर्मा उचलला आणि खणात ठेवला.

एवढंच केलं. बाकीचे वीस शिवले. बऱ्याच दिवसांत एवढी सुबक शिलाई माझ्या हातून झाली नव्हती. माझा हिशेब सरळ होता. ती रोज अर्धं पान वाचते, म्हणजे तिसऱ्या दिवशी या खड्ड्याशी येईल. तिला काही कळणार नाही. पान उलटेल आणि तशीच अडखळत सरळ पंधराव्यात शिरेल. अण्णा दचकतील. 'अगं, हे काय वाचतेस?' म्हणतील. मग त्यांना कळेल, की ही बाई नुसती अक्षरं लावते, आत उतरणं वगैरे सगळं यांच्याच मनाचे खेळ. मी मग पुढे होईन, मधली सोळा पानं तोंडपाठ म्हणून दाखवीन, आणि चार दिवसांनी 'अरेच्चा, हा एक दुकानातच राहिला होता' म्हणून फर्मा आणून देईन.

पानांच्या आकड्यांवरून ती पकडेल अशी भीती नव्हती. आकडेच नव्हते. मी शिकाऊ असताना याच ग्रंथाच्या कडा कापायला बसले होते, सुरी जास्त आत गेली आणि वरच्या कोपऱ्यातले सगळे आकडे कापले गेले. मी रडले होते. अण्णा त्या कातरणाकडे बघून म्हणाले होते, "आकडे गेले ना? जाऊ देत. ओळी आहेत." ही आठवण मला तेव्हा आली, आणि मी ती बाजूला सारली.

चौथ्या दिवशी ग्रंथ तिच्या हातात दिला. तिने तो उघडला, मिटला, पाठीवरून बोट फिरवलं, पुन्हा उघडून मधली पानं भराभर चाळली. कापड घेताना बघते तसं. म्हणाली, "दोरा छान घातलाय, ताई."

दुसऱ्या दिवसापासून मीही सकाळी अण्णांच्या खोलीत जाऊन बसायला लागले. गंमत चुकवायची नव्हती. चहाचा कप घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. अण्णांना कुणीतरी आत आल्याचं कळायचं. "थोरली का? बस. बरं झालं आलीस," म्हणायचे. त्यांना खरंच बरं वाटायचं, हे मला दिसत होतं, आणि त्याचाही रागच यायचा. वर्षभर मी दारात उभी होते तेव्हा कुणी बस म्हणालं नव्हतं. आता मी चोर होऊन आले तेव्हा स्वागत.

पहिल्या दिवशी तिने अर्धं पान वाचलं नाही. चार ओळी वाचल्या आणि थांबली. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी एक. ती एकच ओळ तिने तीनदा वाचली, मधे बराच वेळ जाऊ देत. 'तू शोधायला निघालास, तेव्हा तो तुझ्याआधी उठला होता.' रस्त्यावरून भाजीची गाडी गेली, समोरच्या शाळेची घंटा झाली, माझा चहा गार झाला. ती मांडीवर ग्रंथ घेऊन गप्प आणि अण्णा डोळे मिटून गप्प. मी जन्मात कुणाच्या प्रगतीसाठी एवढी तळमळले नसेन. मनात म्हणत होते, अगं पुढे हो ना, टेलरबाई, शिवण उसवत बसल्यासारखी काय बसलीस!

चौथ्या दिवशी पुन्हा तीच ओळ. अण्णांच्या मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. ते म्हणाले, "धाकटे, तू आता खरं वाचायला लागलीस."

माझं काय झालं असेल ते कुणीही ओळखावं. मी खणलेल्या खड्ड्याच्या काठाशी तिची पावलं मंद होत चालली होती, आणि जितकी मंद होत होती तितकी ती अण्णांच्या मनात वर चढत होती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दुकानात येऊन मी एका शाळेच्या वह्यांचा गठ्ठा शिकंज्यात असा आवळला की पुठ्ठे वाकले.

आणि तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या दुपारी दाभणात दोरा ओवताना ती ओळ माझ्या मनात आपोआप आली. मी ती एकशे बारा वेळा वाचली होती. वाचली होती म्हणजे तिच्यावरून धावले होते. 'तो तुझ्याआधी उठला होता.' लहानपणी पहाटे मला जाग यायची तेव्हा मागच्या खोलीत अण्णा आधीच उठून टेबलाशी बसलेले असायचे, कंदील लहान करून, मला जाग येऊ नये म्हणून. मी अंथरुणातून त्यांची पाठ बघायचे. ओळीचा अर्थ हा आहे की नाही मला माहीत नाही. दोरा हातात तसाच राहिला. मग दारात गिऱ्हाईक आलं आणि मी उठले.

पण म्हणून जळणं थांबलं असं कुणी समजू नये. ते ग्रंथापेक्षा जुनं होतं.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांना ताप आला. डॉक्टरांनी छाती तपासली, आम्हाला बाहेर बोलावून म्हणाले, "वय झालंय. आता त्रास होऊ नये एवढंच बघायचं." धाकटीने शिलाई मशीन ओढत अण्णांच्या खोलीत आणलं आणि खाटेशेजारीच काम करायला लागली. अण्णांचा हात दिवसभर ग्रंथावर असायचा. ते म्हणाले, "आतल्या घराशी आलोय ना आपण? तेवढं ऐकलं की झालं माझं."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. धाकटीची फजिती व्हावी म्हणून मी फर्मा काढला होता. आता तो अण्णांच्या वाटेतून काढल्यासारखा झाला होता. हा माणूस आयुष्यभर ज्या दाराकडे चालत आला ते दारच मी उचलून खणात, जुन्या कातरणांखाली ठेवलं होतं.

मी आत गेले. मोठ्याने म्हणाले, "अण्णा, ग्रंथ जरा द्या. खळ नीट वाळली नव्हती, एकदा पाठ बघते."

त्यांनी हात आणखी दाबला. "आता हलवू नका त्याला. थोडंच राहिलंय."

"दहा मिनिटांत आणून देते."

"घोड्यावरून आली," अण्णा हसून म्हणाले. धाकटी मशीनवर मान खाली घालून टीप मारत होती. तिने वर पाहिलं नाही.

मग मी तो फर्मा ॲप्रनच्या खिशात घालून फिरायला लागले. अण्णांचा डोळा लागला, धाकटी पाणी आणायला उठली, की तो नुसता मधे सरकवून द्यायचा, न शिवता. आठ दिवस ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी मी त्या खोलीत ये-जा करत होते. पण अण्णांचा हात झोपेतही निघत नव्हता, आणि धाकटी त्या दिवसांत पाण्यालासुद्धा उठत नव्हती. पानांच्या कडा माझ्या खिशात मऊ पडल्या.

ती सकाळ स्वच्छ होती. ताप उतरला होता आणि अण्णांचा चेहरा निवळला होता. असं निवळणं काही चांगलं लक्षण नसतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. धाकटीने त्यांना उशांना टेकवून बसवलं. ते म्हणाले, "आज थांबू नकोस. आज आत ने."

तिने ग्रंथ उघडला. तेराव्या फर्म्याचं शेवटचं पान, शेवटची ओळ. त्यांच्या कानाशी वाकून, एकेका शब्दावर थबकत तिने वाचली. 'आत ये असं कुणी म्हणालं, तर विचारू नकोस...'

आणि थांबली. पान उलटलं नाही.

"पुढे?" अण्णा म्हणाले.

हाच तो क्षण, ज्याची मी महिनाभर वाट बघितली होती. आता ती पान उलटणार, भलतंच वाचणार आणि तोंडघशी पडणार. मला वाटलं ओरडावं, उलटू नकोस.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, ॲप्रनच्या खिशाकडे.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, अण्णांना ऐकू जाणार नाही इतक्या, "आणलंय ना?"

मी खिशावर हात दाबला.

"तुला... कधी कळलं?"

"तुम्ही दिलात त्याच दिवशी. मी टाके मोजते हो, हाताला सवयच आहे. आधी एकवीस जागी दोरा दिसायचा. वीसच दिसले."

"मग बोलली का नाहीस? अण्णांना सांगायचंस."

"त्यांना काय सांगायचं? ताईने पानं काढली म्हणून?" तिने निळी पट्टी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "मला वाटलं, राग उतरला की तुम्हीच लावाल परत. म्हणून सावकाश चालले होते. जेवढं सावकाश जमेल तेवढं."

म्हणजे ते थांबणं. ते एकेका ओळीपाशी दिवसचे दिवस बसणं. ज्याच्यासाठी अण्णांनी तिला 'आता खरं वाचायला लागलीस' म्हटलं, ते सगळं तिने मला सवड मिळावी म्हणून केलं होतं. मी तिची लाज काढायला बसले होते आणि ती माझी लाज झाकत एकेक ओळ लांबवत होती. खरं सांगते, तेव्हाही पहिल्यांदा मनात आला तो हेवाच. हे हिला सुचतं, मला का सुचत नाही?

"धाकटे?" अण्णांचा हात चादरीवरून काहीतरी शोधत होता.

मी खिशातून फर्मा काढला. सोळा पानं, दुमडून मऊ झालेली, पाठीला जुन्या दोऱ्याची भोकं. तिच्यापुढे धरला. ती उठून उभी राहिली आणि तिने आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही वाचा. मी इथून पुढचं कधी वाचलेलंच नाही. आज चुकायला नको."

मी बसले. अण्णांच्या कानाशी वाकले. त्यांच्या केसांना साबणाचा वास येत होता, धाकटीने सकाळीच अंग पुसलं होतं. हे सगळं मला पाठ होतं, झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. आणि आज पहिलाच शब्द आठवेना. डोळ्यांत पाणी भरलं होतं, टाइप एवढा मोठा असून अक्षरं पसरत होती. मी एक शब्द वाचला. थांबले. नाक पुसलं. दुसरा वाचला.

'...कोण म्हणालं. तो आवाज... तुझ्या जन्माआधीपासून... या घरात आहे.'

पुढची ओळ दिसेना म्हणून मी थांबले. लहानपणी जे थांबायला सांगितलं होतं ते हे नव्हे, मला नुसतं दिसत नव्हतं. पण थांबले. बाहेर बसचा हॉर्न वाजला, खिडकीचा पडदा हलला, धाकटी माझ्या मागे उभी होती. ओळ आत जात राहिली. मी तिला ढकलत नव्हते, ती आपली आपण जात होती, आणि जिथे टेकली तिथे माझा राग नव्हता, एकशे बारा रेघा नव्हत्या, मीसुद्धा फारशी नव्हते. खोलीत आम्ही तिघं होतो आणि आणखी कुणीतरी होतं, आमच्याआधी येऊन बसलेलं. असं म्हटलं तर लोक हसतील. हसू देत.

मग पुढची ओळ. मग तिच्या पुढची. जोडाक्षरांपाशी मी अडखळत होते. अर्धं पान झालं असेल. अण्णांनी हात वर केला, पुरे. त्यांचे डोळे मिटलेले होते.

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. माझ्या बोटांना सुईचे घट्टे आहेत, धाकटीच्याही आहेत.

"धाकटे," ते म्हणाले, "आज तू मला पोचवलंस."

धाकटी मागून पुढे झाली, "अण्णा, ते मी नाही, ताई..." तिला त्यांच्या कानाशी वाकायला जागा नव्हती, तिथे मी होते. मी दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं.

जन्मभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते मिळाले होते. माझ्या वाचनाला मिळाले होते, आणि नाव दुसरीचं होतं. अण्णा, मी आहे, थोरली, चार शब्द सांगायचे होते, जिभेवर आले होते. पण त्यांचा चेहरा इतका शांत होता. ते जिथे बसले होते तिथून त्यांना माझं नाव ऐकायला बाहेर बोलावायचं का? आणि बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं असतं, मग धाकटी का नाही वाचत, ही सुटी पानं कसली?

अण्णांनी माझा हात थोपटला. "थोरली वाचायची तेव्हा मी तिच्यामागे धावायचो गं. बिचारीला कधी थांबताच आलं नाही. माझंच चुकलं असेल काही शिकवताना." त्यांना धाप लागली. "तिला सांग, असं वाच म्हणावं. तुझं ऐकेल ती. सांगशील ना?"

धाकटी रडत होती. मी तिचं मनगट सोडलं नाही. अण्णांच्या कानाशी वाकले, आणि माझ्याने होईल तेवढं सावकाश म्हणाले,

"सांगते, अण्णा."